मोटारीच्या नाकात चाडं

टेंभुर्णीत मोटार एकच होती, आणि ती रडायची.

रडायची म्हणजे कशी? आधी वासरू हरवलेल्या गाईसारखं बारीक "ऊंऽऽ". वेग वाढला की "ऊंऽऽ घर्रर्र, ऊंऽऽ घर्रर्र". आणि उताराला लागली की चक्क हुंदका. पारावर बसणाऱ्यांनी त्याचा अर्थ केव्हाच लावून टाकला होता. एक जण सुस्कारा टाकून म्हणायचा, "बद्रीनाथ गेल्यापासून रडती बिचारी. मालकाची आठवण येती." दुसरा मान हलवायचा, "आठवण न्हाई, तळतळाट हाय त्यो." तिसरा गाल फुगवून हुबेहूब तो आवाज काढायचा, हुंदक्यासकट, आणि सगळा पार मांड्या थोपटत हसायचा.

तो आवाज द्वारकाबाईला त्या तिसऱ्याहूनही झकास काढता यायचा. भाकरी थापता थापता ती तोंडातल्या तोंडात काढून बघायची आणि विचार करायची: हा आवाज पुढून येत नाही, मागून येतो. गेर बदलला तरी बदलत नाही, चाकं फिरली की वाढतो. म्हणजे दुखणं काळजात नाही, मागच्या दोन चाकांमधल्या लोखंडी गोळ्यात आहे.

द्वारकाबाई ही बद्रीनाथची बायको. आता बद्रीनाथची मागं राहिलेली. माहेर जांब समर्थाकडचं, लेकरू नाही, उंचीला नवऱ्यापेक्षा बोटभर जास्त. मोटार बद्रीनाथनं एका जहागीरदाराच्या वारसाकडून घेतलेली. काळी, कापडी टपाची, भोंग्याला रबरी फुगा असलेली. घेतली तेव्हाच त्याच्या दोन्ही डोळ्यांत पडदा उतरायला लागला होता, पण गावाला ते ठाऊक नव्हतं. गावाला एवढंच ठाऊक, की शेजारी बायको बसवून मोटार हाकणारा मर्द अख्ख्या मोगलाईत हाच. आता बायको तिथं काही हौसेनं बसलेली नव्हती. ती त्याचे डोळे होती. पदराआडून तिचं सारखं चालायचं, "डावीकडं गाढव. गेलं गाढव. आता म्हातारी. थांबली म्हातारी. जाऊ द्या." वेशीबाहेरचा ओढा ओलांडला की दोघं जागा बदलायची, आणि तिथून जालन्यापर्यंत चाक द्वारकाबाईच्या हातात. परतताना पुन्हा ओढ्यापाशी अदलाबदल. मग बद्रीनाथ छाती काढून गावात शिरायचा आणि पारावरचे म्हणायचे, "काय हात हाय गड्याचा!"

मोटारीखालचं कामही तसंच. बद्रीनाथ उताणा पडून नुसतं चाचपायचा आणि बोलायचा. पाना फिरवायची द्वारकाबाई.

मग एका तापात तो गेला. वर्ष सरलं. हळदीकुंकवाला बसू नको, बारशाला पुढं येऊ नको, कुणी गावाला निघालं तर वाटेत उभी राहू नको, असं करता करता द्वारकाबाईला बसायला जागाच उरली नाही. जिथं बसावं तिथून कुणी ना कुणी ऊठ म्हणायचं. ऊठ न म्हणणारी जागा एकच राहिली, ती मोटारीतली उजवीकडची, चाकापुढची. तिथं बसून ती घरामागच्या वाटेनं वावरात जायची, खळ्याला वळसा घालायची आणि परत यायची. बस एवढंच. पण तेवढ्या वेळात ती कुणाची विधवा नसायची, कुणाची भावजय नसायची. मोटार रडत असायची, ती मात्र नाही.

निजामी फसली सन तेराशे सत्तेचाळीसच्या वैशाखात तिचा धाकटा दीर पुंजाराम ओसरीवर येऊन उभा राहिला. बद्रीनाथमागं घराचा कारभार त्याच्याकडं आला होता, आणि कारभाराबरोबर एक सवयही आली होती. कुठलंही वाक्य तो "बराबर हाय का न्हाई?" असं विचारून संपवायचा, आणि उत्तराची वाट बघायचा नाही.

"वैनी, मोटार इकायची ठरली. जालन्याचे दीनानाथ वकील गुरुवारी येऊन राह्यले बघायला. रडकी मोटार घरात ठेवू न्हाई. बराबर हाय का न्हाई?"

"कुणी ठरवलं?"

"म्या. घराची मोटार, घराचा कारभारी मी. बराबर हाय का न्हाई?"

"न्हाई," द्वारकाबाई म्हणाली.

पुंजारामनं डोक्यावरचा पटका सरळ केला. त्या प्रश्नाला आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं, आणि दिलंच तर ते असं असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. पार अंगणासमोरच होता. तिथल्या सगळ्या माना इकडं वळल्या.

"भावजी, ती रडत न्हाई. उपाशी हाय. मागच्या गोळ्यातल्या तेलाचं काहीतरी बिघडलंय. पुढच्या पेटीतलंबी जुनं झालंय. म्या दोन्ही बदलते. गुरुवारपतुर गप करून दावते."

"आन न्हाई झाली गप तर?"

"तर बैल जुंपून वकिलाच्या दारात मीच नेऊन घालते. पण गप झाली तर ती माझी. घराची न्हाई, माझी. पुन्हा तिचं नाव काढायचं न्हाई."

पारावरून कुणीतरी ओरडलं, "पुंजाराम, बोल की!" चारचौघांत विचारल्यावर पुंजारामला नाही म्हणता येईना. "कबूल," तो म्हणाला. "बिलकुल कबूल. बाईमाणसानं मोटारीच्या पोटात हात घालून ती बरी झाली, तर मंग काय!" आणि तो पाराकडं बघून हसला. पारही हसला.

घरात पुंजारामची बायको सगुणाबाई दाराआडून ऐकत होती. सगुणाबाई कधीच काही बोलायची नाही, असं ती स्वतःच सांगायची. "मी आपली काही बोलत न्हाई बाई," ती म्हणाली, "पण मोटारीखाली झोपायचं म्हंजी लुगडं कसं सावरणार, आन तेल काय डोक्याला लावायचं तेल हाय का, आन लोक काय म्हणतील, आन गुरुवार काय लांब हाय का. पण मी आपली काही बोलत न्हाई."

"नको बोलू," द्वारकाबाई म्हणाली. "घमेलं दे फक्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कासोटा घट्ट मारला, पदर कमरेला खोचला आणि आधी मोटार खळ्यापर्यंत फिरवून आणली. थंड तेल काकवीसारखं चिकटून बसतं. गरम झालं की आपण होऊन बाहेर येतं. तेल दोन ठिकाणी असतं. एक पुढं, गेरच्या दांड्याखालच्या पेटीत. दुसरं मागं, दोन चाकांच्या मधोमध, लाल भोपळ्याएवढ्या लोखंडी गोळ्यात. त्या गोळ्याच्या पोटात दात्यांची चक्रं एकमेकांना चावत फिरतात. दोन्हीकडं दोन दोन बुचं: वरचं भरायचं, खालचं सांडायचं. बद्रीनाथनं एक गोष्ट तिच्याकडून पाठ करून घेतली होती. आधी वरचं बूच उघडून बघायचं. ते उघडलं, तरच खालच्याला हात लावायचा. खालचं सोडलं आणि वरचं अडून बसलं, तर मोटार रिकाम्या पोटी जागेवर मेली.

पेटीचं काम झकास झालं. वरचं बूच निघालं, मग खालचं सोडलं. काळं पाणी झालेलं तेल घमेल्यात उतरलं. खालचं पुन्हा आवळून तिनं कणगीमागचा डबा काढला. गेरचं तेल, बद्रीनाथनंच जालन्याहून आणून ठेवलेलं, मधासारखं दाट. वरच्या भोकातून परत गळायला लागेपर्यंत तिनं ते ओतलं आणि बूच लावलं. मग डबा चुलीपाशी ऊब द्यायला नेऊन ठेवला आणि हात राखेनं घासायला न्हाणीत गेली.

ती न्हाणीत गेली आणि पुंजाराम अंगणात आला.

पारावरनं त्याला सकाळपासून टोमणे बसत होते. "काय कारभारी, भावजय मोटारीखाली आन तुमी सावलीत?" तेव्हा त्यानं धोतर वर खोचलं. सालगडी कडूबा गोठ्यात बैलांना पाणी दाखवत होता, त्याला हाक मारली. "कडूबा, पाना आण. त्यात काय इतकं? आपण विहिरीवरचा हौद कसा धुतो? आधी खालचं भोक सोडतो, घाण काढतो, मंग वरून भरतो. बराबर हाय का न्हाई?" कडूबानं मान डोलावली. हौद जन्मभर त्यानंच धुतले होते. पुंजारामनं मागच्या गोळ्याचं खालचं बूच सोडलं. भळभळ सगळं खाली आलं. मग तो ऐटीत वरच्या बुचाकडं वळला.

वरचं बूच हललं नाही. त्यानं मोठा पाना लावला, तो सटकला. हातोडी मारली. पुन्हा सटकला. बुचाच्या डोक्याचे चारही कोपरे झिजून ते चिंचोक्यासारखं गुळगुळीत झालं.

द्वारकाबाई बाहेर आली तेव्हा पुंजाराम हातोडी पाठीमागं धरून उभा होता.

"वरचं उघडलं होतं?" तिनं विचारलं.

"आता उघडणारच होतो की."

"खालचं आधी सोडलं?"

"हौदाचं आपण—"

"हौद जालन्याला जातो का भावजी? हौदाला गेर असतो का?"

पारावर पहिलं हसू फुटलं. पण पुंजाराम लगेच सावरला, कारण त्याच्या ध्यानात आलं होतं की यात आपलं काहीच बिघडलेलं नाही. उलट. त्यानं हातोडी खाली ठेवली आणि आवाजात दुःख आणलं. "आता कसं व्हायचं वैनी? बूच तर गेलं. नशिबात न्हवतं म्हणायचं. बैल जुंपावे लागतील आता. बराबर हाय का—"

"न्हाई म्हणलं ना."

ती वाकली. पाना लावला, छिन्नी लावली, तापवलेली कांब टेकवून बघितली. बूच ढिम्म. दुपार झाली. पार जेवायला गेला नाही, भाकरी तिथंच मागवून घेतली. द्वारकाबाईच्या कपाळावर घाम आणि काजळी एक झाली होती. तिच्या मनात एकच गोष्ट चक्रासारखी फिरत होती: मोटारीला बैल जुंपले की उजवीकडची ती जागा जालन्याच्या वकिलाची. मग ओसरीचा कोपरा, मग न्हाणीची वाट, मग कुणीतरी ऊठ म्हणेपर्यंत बसणं.

ती घमेल्यापाशी उकिडवी बसली. गोळ्यातून काय निघालंय ते तरी बघावं. बोट बुडवलं आणि ती दचकली. ते तेल नव्हतंच. काळा लगदा होता, एरंडेलाचा वास मारणारा. त्यात जळक्या कडब्याची राख, अंबाडीचे धागे आणि चक्क जुन्या धोतराची चिंधी.

"हे काय हाय?"

कडूबा बैलाच्या आड सरकला.

"कडूबा!"

"वंगण हाय, मालकीणबाई."

"बैलगाडीचं वंगण? मोटारीत?"

कडूबा पुढं आला. त्याची एक रीत होती. जनावर असो की यंत्र, तो दोन्हींविषयी एकाच सुरात बोलायचा. "मालक गेल्यावर तिला कोण पुसतंय? म्या बाजाराच्या आधी गाडीच्या आखाला वंगण घालतो का न्हाई? मंग बघितलं, हिलाबी मागं आख हाय. ही बी बाजाराला जाणारी. मंग उरलंसुरलं हिला घालायचो. लई चांगली खायची. कदी न्हाई म्हणली न्हाई. रडाया लागली तसं म्या म्हणलं भूक वाढली, मंग जास्त घालाया लागलो."

पारावर असा हशा पिकला की झाडावरचे कावळे उडाले. पुंजारामच्या तोंडून एक कचकचीत शिवी बाहेर पडली. द्वारकाबाई मात्र हसली नाही आणि रागावलीही नाही. ती उठून उभी राहिली.

"कडूबा, खालचं बूच बंद. वरचं तुला उघडता येणार न्हाई, ते आज कुणालाच आलं न्हाई. मंग तू घालायचास कुठून?"

"नाकातून की."

"कुठल्या नाकातून?"

कडूबानं मोटारीच्या मागच्या बैठकीची फळी उचलली आणि खाली बोट दाखवलं. गोळ्याच्या अगदी माथ्यावर बोराएवढी एक टोपी होती. द्वारकाबाईनं ती शंभरदा पाहिली होती. बद्रीनाथ म्हणायचा, ती वाफ जायची वाट, तिला हात लावायचा नाही. म्हणून तिनं कधी लावला नव्हता. कडूबाला असं कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं टोपी फिरवली, काढली. खाली करंगळी जाईल एवढं भोक.

"इथून श्वास घेती ती," तो म्हणाला. "काडीनं ढकलायचो म्या."

द्वारकाबाईनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. शिक्षा म्हणून की शाबासकी म्हणून, हे कडूबाला मरेपर्यंत कळलं नाही.

मग कामाला वेग आला. पहारीनं मागची बाजू उचलून खाली ओंडके सारले. चिंधी पिळून पिळून नाकातून घासलेट सोडलं, खालचं बूच लावून कडूबानं एकीकडचं आणि तिनं दुसरीकडचं चाक गरगर फिरवलं, पुन्हा खाली सोडलं. चिंध्या निघाल्या, धागे निघाले, एकदा तर गोफणीच्या दोरीसारखं काहीतरी निघालं. "हे म्या न्हाई," कडूबा म्हणाला. स्वच्छ घासलेट येईपर्यंत धुतलं, सगळं नितळू दिलं आणि खालचं बूच कचकचून आवळलं.

आता नवं तेल. इथं गाडं पुन्हा अडलं. दाट तेल चिंधीनं पिळून जाणारं नव्हतं. नाक खोल, वर बैठकीची चौकट. घरातलं नरसाळं तिथं पोचेना. लांब नळी पाहिजे, आणि नळीवर वाडगं पाहिजे.

द्वारकाबाईनं चौकटीत वाकून वितीनं खोली मापली. मग पाय धुऊन सरळ माजघरात गेली, आणि खुंटीवरचं तिफणीचं चाडं काढून बाहेर आली.

पेरणीच्या वेळी तिफणीवर बसवतात ते हे लाकडी वाडगं, खाली बांबूच्या तीन नळ्या. चाड्यावर मूठ धरून बी सोडायचं काम बायकांचं, पण त्या घरात सवाष्णीचं. पहिली मूठ आता सगुणाबाईची. द्वारकाबाईनं पंधरा वर्षं धरली होती ती मूठ, आणि बद्रीनाथ गेल्याच्या दिवसापासून चाड्याला हात लावायचा तिचा हक्क गेला होता. मागच्या मिरगाला तर ती वावरातही गेली नव्हती, बांधावर उभी राहिली तर पीक आडवं पडेल म्हणून. चाड्यावर सगुणाबाईच्या हातचं वाळलेलं हळदकुंकू अजून तसंच होतं.

पार उठून उभा राहिला.

"वैनी!" पुंजारामचा आवाज फाटला. "ठेवा ते! पेरणी तोंडावर आली आन तुमी चाड्याला हात लावता?"

"लावला."

"रांडवेचा हात लागलेल्या चाड्यातून बी उगवत न्हाई!"

"म्या बी कुठं पेरून राह्यले? तेल पेरते. उगवलं न्हाई तर बरंच."

"मी आपली काही बोलत न्हाई," सगुणाबाई दारातून ओरडली, "पण ते धुऊन निघणार हाय का? आन हळद? आन वास?"

द्वारकाबाईनं चाड्याच्या दोन भोकांत ओल्या चिंध्या ठासल्या आणि तिसरी नळी फळीच्या फटीतून सरळ नाकात बसवली. चाडं डाव्या हाताच्या पंजात धरलं, पंधरा वर्षं धरलं होतं तसंच. उजव्या हातानं उबदार तेलाचा डबा कलता केला. मधासारखी धार वाडग्यात पडली, गरगरली आणि नळीतून गोळ्याच्या पोटात उतरू लागली. बी सोडणारा हात होता तो. एका तालानं सोडायचं, नळी चोंदू द्यायची नाही, कोरडी पडू द्यायची नाही.

पुंजाराम तीन ढांगांत मोटारीपाशी आला आणि चाडं हिसकायला त्यानं हात घातला.

"अवं, सोडा!"

हे द्वारकाबाई बोलली नव्हती. सगुणाबाई बोलली होती. उंबरा ओलांडून ती अंगणात आली होती, पदर सुटला होता, तिचं तिला भान नव्हतं. "चालत्या चाड्याला हात घालता? तास पुरा झाल्याबिगर, पेरणीची रेघ वावराच्या टोकाला गेल्याबिगर चाडं थांबवत न्हाईत, ठाव न्हाई का तुमाला? परसाल भर तासात माझी मूठ थांबवली कुणी तर तुमीच त्याला तिफणीचं रूमणं फेकून मारलं होतं!"

"अगं पण ही काय पेरणी हाय का?"

"चाडं हाय, मूठ हाय, सोडणारी बाई हाय. मंग काय लग्न हाय?" सगुणाबाई कमरेवर हात ठेवून त्याच्या आणि मोटारीच्या मधोमध उभी राहिली. "बाई, तुमी सोडा. तास पुरा करा. मंग बघू काय बोलायचं ते. मी आपली… बोलतेच हाय आता."

पुंजाराम हात मागं घेऊन उभा राहिला. भर तासात चाडं अडवणारा असं गावात नाव झालं असतं, तर मिरगाला त्याच्या तिफणीमागं कोण बाई आली असती? आणि पार तर बघतच होता.

किती तेल घालायचं, हा शेवटचा प्रश्न. वरच्या बुचातून ओतलं असतं तर गळायला लागलं की थांबायचं. पण ते तर चिंचोका होऊन बसलेलं. द्वारकाबाईनं तुरीची सरळ काडी घेतली. गोळ्याच्या बाहेरून, नाकापासून त्या अडलेल्या बुचापर्यंत अंतर मापलं आणि काडीला तेवढ्यावर नखानं खाच पाडली. मग तीच काडी, खाच नाकाशी येईल इतकीच, आत सोडून बाहेर काढली. टोकाला तेल लागलं होतं. बास. टोपी फिरवून बसवली. वर कडूबाला दटावलं, "आता हिच्या नाकात काडी घातली तर तुझ्या नाकात वंगण घालीन."

संध्याकाळी ओंडके काढले. कडूबानं हँडल मारलं. द्वारकाबाई उजवीकडं बसली आणि मोटार मागच्या वाटेनं खळ्याकडं नेली. अंगण कान टवकारून ऐकत होतं. गेली. वळली. आली. पुढून फक्त इंजिनाची फटफट आणि मागून काही नाही. उतारावर सुद्धा नाही. पारावरच्या त्या तिसऱ्यानं गाल फुगवून तयारी ठेवली होती, पण सूर धरायला काही मिळेना. त्यानं हवा तशीच सोडून दिली.

गुरुवारी जालन्याहून येणाऱ्या भाड्याच्या सर्व्हिस मोटारीनं दीनानाथ वकील आले. कडक कोट, काळी टोपी, हातात छत्री. बोलणं घरीदारी कोर्टातलंच. "मुद्दा असा, की मोटार रडते असं कानावर आहे. अर्थात मी रडणारीच घ्यायला आलो आहे. अर्थात रडणाऱ्या मालाला मोल कमी."

पुंजाराम त्यांच्या कानाशी लागला. "रडायची, साहेब. आता गप झाली. आता तर माल डबल चांगला झाला. तवा जरा वरचढ बोला."

द्वारकाबाई मोटारीपाशीच उभी होती. "भावजी, पारासमोर काय कबूल केलं होतं?"

"ते हसण्यावारी बोललेलं. घरची गोष्ट घरात—"

"वकीलसाहेब," द्वारकाबाईनं मागचं दार उघडलं, "बसा. आवाज हाय का न्हाई, तुमीच कान लावून ऐका."

वकील बसले. गडी येऊन चालवेल म्हणून ते इकडंतिकडं बघू लागले. द्वारकाबाई पुढं जाऊन बसली. पदर डोक्यावरून पक्का खोवला आणि मोटार मागच्या वाटेकडं वळवलीच नाही. सरळ पुढच्या दारानं रस्त्यावर काढली, पारावरून, मारुतीपुढून, भर गावातून. भोंग्याचा फुगा एकदाच दाबला, तोही गाढवासाठी.

वेस मागं पडली, ओढा मागं पडला. वकील पुढं झुकले. "बाई, आता वळावं. अर्थात रस्ता चांगला आहे. अर्थात तुम्ही चालवताही… पण वळावं."

"आवाज येऊन राह्यला का?"

"नाही."

"बराबर ऐका."

वकिलांनी टोपी काढून कान बैठकीला टेकवला. "बिलकुल नाही."

"मंग ऐका. गप झाली तर माझी, असं ठरल्तं. माझ्या दिराच्या तोंडचं हाय."

"लेखी?"

"तोंडी."

"साक्षीदार?"

"अख्खा पार. आन आता तुमी."

वकील सरळ बसले. चेहऱ्यावर एकदम कोर्टाचं तेज आलं. "मग बाई, तुमची बाजू पक्की आहे. मी तुमचा वकील असतो तर पहिल्याच तारखेला निकाल लावला असता. अर्थात वाईट एवढंच, की मी गिऱ्हाईक म्हणून आलो आहे."

"मंग इथं उतरता, का जालन्याला घरी सोडू?"

वकिलांनी बाहेर बघितलं. वैशाखाचं ऊन, सावलीला बाभूळही नाही. "सोडा," ते म्हणाले, आणि छत्री मांडीवर आडवी ठेवून आरामात टेकले.

दिवेलागणीच्या आधी ती परतली तेव्हा पुंजाराम अंगणात येरझाऱ्या घालत होता.

"वकील कुठायत?"

"घरी सोडले."

"आन सौदा?"

"त्योबी त्यांच्याच ओट्यावर उतरवून आले."

पुंजाराम चार दिवस मोटारीला वळसा घालून जात राहिला. पाचव्या दिवशी भोकरदनला तहसीलात तारीख निघाली आणि गाडीचा एक बैल नेमका लंगडत होता. सकाळी तो धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून मोटारीपाशी उभा राहिला. दाराच्या कडीशी नुसता चाळा करत राहिला. आतून सगुणाबाई ओरडली, "मीबी येऊन राह्यले, माझी जागा धरा!"

द्वारकाबाईनं चाकावर हात ठेवला आणि मागं न बघता म्हणाली, "बसा भावजी. आधी पाय झटका. आन वाटंत बोलायचं न्हाई, मला गोळ्याचा आवाज ऐकायचा असतो."